ठोंब्याची साखर आणि ‘इम्युनिटी’चं इंजेक्शन

पत्र असं आहे :

‘डॉक्टर, आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. आमचा बोका ठोंब्या 9 वर्षांचा, नसबंदी झालेला, वजन 7 किलो. दोन महिन्यांपूर्वी तो फार पाणी प्यायला लागला, ट्रे सारखा ओला, म्हणून दवाखान्यात नेलं तर साखर निघाली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन देतो. 1 युनिटपासून सुरू करून 3 वर आलोय, तरी दवाखान्यात तपासलं की 350 च्या खाली आकडा येत नाही. आमच्या घरी मांसाहार चालत नाही. त्याला लहानपणापासून दूध-पोळी आणि पाकिटातलं कोरडं खाणं. एरवी धडधाकट आहे. मानेला खाजवून जखमा करतो तेवढंच, पण दर दोन-तीन महिन्यांनी खाजेचं एक इंजेक्शन दिलं की शांत होतो.

माझा भाचा म्हणतो, मधुमेह हा मुळात इम्युनिटीचा आजार आहे, परदेशात तो बीसीजीच्या लशीने बरा होतोय. ओळखीच्या एकाने स्टेम सेलची दोन इंजेक्शनं सुचवली आहेत, 40 हजार सांगतात. सासूबाई गुळवेलीचा रस द्या म्हणतात. शिवाय घरात इम्युनिटी बूस्टर थेंबांची एक बाटली येऊन पडली आहे. आमचे हे म्हणतात, पुरे झालं आता, मांजर आहे ते. मला प्रयत्न सोडायचा नाही. यातलं काय करून पाहू? त्यासाठी इन्सुलिन थांबवावं लागेल का? ता. क. मे महिन्यात लग्नाला दोन दिवस अमरावतीला जायचं आहे. तेवढ्यात इन्सुलिन चुकलं तर चालेल?’

ताई,

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात उशीर परवडणारा नाही. इन्सुलिन थांबवायचं नाही. नवीन काही सुरू करायचं आहे म्हणून नाही, ‘दोन दिवस बघू तरी’ म्हणून नाही, समोरच्याने कितीही खात्रीने सांगितलं तरी नाही. इन्सुलिन नसलं की रक्तात साखर तुडुंब असूनही पेशींना ती उचलता येत नाही. मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात. मांजर खाणं सोडतं, ओकतं, कोपऱ्यात मलूल पडून राहतं, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. तिथून पुढे सलाइन आणि रात्रंदिवसाची देखरेख, आणि सगळीच मांजरं त्यातून वाचत नाहीत. माझ्याकडे अशा अवस्थेत आलेली कितीतरी मांजरं जीव लावणाऱ्या घरांतलीच होती. कुणीतरी ‘नैसर्गिक’ काही सुचवलं आणि घरच्यांनी सुई बंद केली, एवढंच घडलं होतं.

आता भाचा. पोट्टा हुशार आहे आणि थापाही मारत नाहीये, पण त्याने वाचला तो आजार ठोंब्याचा नाही. माणसांमधल्या टाइप 1 मधुमेहात स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. तिथे प्रतिकारशक्तीला आवर घालायचे प्रयत्न गंभीरपणे चालले आहेत. अमेरिकेत नोव्हेंबर 2022 मध्ये टेप्लिझुमॅब नावाचं औषध मंजूर झालं, ते टाइप 1 च्या उंबरठ्यावर असलेल्यांमध्ये आजार लांबवण्यासाठी. बीसीजीचं कामही खरं आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डेनिस फॉस्टमन यांच्या गटाने जुना टाइप 1 असलेल्या मोजक्या माणसांना ही लस दिली आणि त्यांची साखर उतरल्याचं 2018 मध्ये प्रसिद्ध केलं. पण फरक दिसला तो लशीनंतर तिसऱ्या वर्षाच्या पुढे, आणि तोवर ती माणसं आपलं इन्सुलिन घेतच होती. (जाता जाता, बीसीजी माणसाला पहिल्यांदा दिली गेली 1921 साली, आणि टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन काढलं तेही 1921 सालीच. भाच्याला सांगा, आवडेल त्याला.)

मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा टाइप 2 च्या वळणाने जातो. ठोंब्याचं वर्णन तर पाठ्यपुस्तकातून उचलल्यासारखं आहे : नर, नसबंदी झालेला, मध्यम वय उलटलेला, जाड, दिवसभर घरात. अशा बोक्याचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. ती कसर भरून काढायला बीटा पेशी जास्त राबतात. इन्सुलिनसोबत त्याच पेशींतून अमायलिन नावाचं प्रथिन सुटतं, त्याचा साका पेशींभोवती जमत जातो आणि शेवटी पेशी थकतात. असा साका माणसांत जमतो, मांजरांत जमतो, उंदरांत मात्र नाही, कारण उंदराच्या अमायलिनची घडण थोडी वेगळी आहे. आणि बीसीजीची कल्पना जिथून पुढे आली ते प्रयोग होते टाइप 1 होणाऱ्या खास जातीच्या उंदरांवरचे. प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने झालेला मधुमेह मांजरात क्वचितच सापडतो. म्हणजे ज्या दुखण्यावर ही लस तपासली जातेय, ते दुखणंच ठोंब्याला बहुधा नाही. शिवाय बीसीजी ही जिवंत, पण दुबळ्या केलेल्या जंतूंची लस आहे. तिचा मांजराच्या मधुमेहात उपयोग होतो असं दाखवणारं काही नाही, तेव्हा तो विषय इथेच सोडा.

आणखी एक गोष्ट कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. भाचा म्हणतो ते खरं धरलं, तर प्रतिकारशक्ती आवरायला हवी. थेंबांची बाटली म्हणते, ती वाढवायला हवी. दोघं उलट दिशांना ओढताहेत, आणि तुम्ही दोघांचंही ऐकायच्या तयारीत आहात.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ. तुम्ही ती ‘एरवी धडधाकट आहे’ म्हणून लिहून टाकलीत. खाजेचं इंजेक्शन.

नाव तुम्ही दिलेलं नाही. पण मांजराला एकच सुई आणि दोन-तीन महिने खाज शांत, असं कुणी सांगितलं की माझ्या मनात पहिलं येतं ते लांब टिकणारं स्टेरॉइड, बहुधा मिथाइलप्रेडनिसोलोन ॲसिटेट. ठोंब्याची फाइल काढा, दवाखान्यात विचारा, नाव आणि शेवटच्या सुईची तारीख लिहून घ्या. स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून खाज थांबते. पण तेच स्टेरॉइड यकृताला जास्त साखर सोडायला लावतं आणि शरीराला इन्सुलिन जुमानू देत नाही. काठावर उभ्या असलेल्या जाड बोक्याला मधुमेहात ढकलायला एवढं पुरतं, आणि मधुमेह झाल्यावर दिलं तर इन्सुलिनचा डोस वाढवत नेऊनही आकडा हलत नाही. तुमचं वर्णन तंतोतंत हेच आहे. तुम्ही मला प्रतिकारशक्तीवरचा उपचार सुरू करू का म्हणून विचारताय, आणि तसा एक उपचार ठोंब्यावर आधीपासूनच चालू असावा असं मला वाटतंय.

यासाठी इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांशी भांडायला जाऊ नका. गोळी न गिळणाऱ्या, खाजवून रक्त काढणाऱ्या बोक्याला तो पुष्कळ दवाखान्यांतला नेहमीचा इलाज आहे. साखर निघाल्यावर मात्र त्याचा फेरविचार व्हायलाच हवा होता. तो झाला नसेल, किंवा मधुमेहाचे डॉक्टर वेगळे आणि खाजेचे वेगळे असतील, तर दोघांना एकमेकांचं सांगायचं काम तुमच्याकडे येतं.

दिलेलं इंजेक्शन परत काढून घेता येत नाही, त्याचा असर काही आठवडे राहतो. पण तो ओसरायला लागला की ठोंब्याची इन्सुलिनची गरज खाली येऊ शकते, आणि इथेच सावध राहायचं. आज जे 3 युनिट कमी पडताहेत, तेच महिन्याभराने जास्त होऊ शकतात. साखर एकदम उतरली तर मांजर लटपटतं, सैरभैर होतं, कधी झटके येतात. अशा वेळी मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळायचं, घशात ओतायचं नाही, आणि तडक दवाखाना गाठायचा. शेवटच्या सुईची तारीख डॉक्टरांना कळवा म्हणते ती यासाठीच. आणि इंजेक्शनऐवजी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू निघाल्या, तर त्या मनाने एकदम बंद करू नका. त्या उतरवत आणाव्या लागतात.

खाजेचं मग काय? मानेला आणि शेपटीच्या बुडाशी खाजवणाऱ्या मांजरावर मी पहिला संशय पिसवांवर घेते, एकही पिसू दिसली नाही तरी. मांजर चाटून चाटून त्या गिळून टाकतं. मांजरासाठीचंच पिसवांचं औषध मानेवर लावायचं, घरातल्या चादरी-उश्या गरम पाण्याने धुवायच्या, आणि हे काही महिने नेमाने करायचं. कुत्र्याचं औषध चुकूनही नको. त्यातल्या पुष्कळांत परमेथ्रिन असतं, ते मांजराचा जीव घेऊ शकतं. एवढं करून खाज राहिलीच तर स्टेरॉइडशिवायचे मार्ग आहेत, ते तुमचे डॉक्टर साखर बघून ठरवतील.

स्टेम सेलवर थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण 40 हजार ही काही चिल्लर नाही. मी वेगळ्या वाटेचे उपचार ऐकले की नाक मुरडणाऱ्यांतली नाही. एफआयपी नावाचा मांजरांचा विषाणूचा आजार अनेक वर्षं मरणाचा कागद समजला जायचा. 2019 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या नील्स पेडरसन यांच्या गटाने जीएस-441524 या औषधाने मांजरं बरी होतात हे दाखवलं. औषध बाजारात नव्हतं, तर जगभरच्या मांजरवाल्यांनी ते काळ्या बाजारातून, लेबल नसलेल्या बाटल्यांतून मिळवलं, आणि हजारो मांजरं त्यावर जगली. अमेरिकेत ते सरळ मार्गाने मिळायला 2024 उजाडलं. म्हणजे ‘दवाखान्यात मिळत नाही’ एवढ्यावरून एखादा इलाज खोटा ठरत नाही. पण तिथे औषध नेमकं कशावर काम करतं हे माहीत होतं : विषाणूच्या वाढीवर. आजारी मांजरांवर ते वापरून, आकडे मांडून, चुका-दुष्परिणामांसकट छापलेलं होतं. ताप उतरतोय का, पोटातलं पाणी आटतंय का, हे थोड्याच दिवसांत घरच्यांनाही दिसत होतं.

स्टेम सेल सुचवणाऱ्याला हेच विचारा. या पेशी ठोंब्याच्या शरीरात जाऊन नेमकं काय करणार? मधुमेह असलेल्या मांजरांवर केलेलं काम दाखवा, कुत्र्या-उंदरांवरचं नको. उपयोग होतोय हे कोणत्या तपासणीवरून, किती दिवसांनी कळणार? आणि झाला नाही तर तुम्ही काय म्हणणार? या शेवटच्या प्रश्नाला ‘मग अजून दोन इंजेक्शनं’ असं उत्तर आलं, तर चहा पिऊन उठा. मांजरांच्या तोंडात होणाऱ्या चिवट दाहावर, जिथे प्रतिकारशक्तीचाच गोंधळ असतो, चरबीतून काढलेल्या स्टेम सेलचे प्रयोग झाले आहेत आणि काही मांजरांना गुणही आला आहे. मधुमेहासाठी तो रुळलेला उपचार नाही. माणसांसाठीसुद्धा आपल्याकडच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना ठरावीक रक्ताचे वगैरे आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर संशोधनातच ठेवायला सांगतात, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. 40 हजार मागणारा माणूस संशोधन करत नाहीये, विकतोय.

सासूबाईंना दुखवू नका, पण गुळवेल नको. मांजराच्या यकृतात ग्लुकुरोनिडेशन नावाची एक वाट फार अरुंद आहे. आपलं शरीर जी द्रव्यं त्या वाटेने सहज बाहेर टाकतं, ती मांजरात साचतात. पॅरासिटामोलची एक गोळी मांजराला मारू शकते, त्यामागे हेही एक कारण आहे. वनस्पतींच्या अर्कांतली कितीतरी द्रव्यं याच वाटेची. त्यात गुळवेलीबद्दल मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये, करोनाच्या काळात ती घेतलेल्या काही माणसांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी छापल्या, आणि ती इजा प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद आपण बाजूला ठेवू. मला पुरतं ते एवढंच : रसाने साखर उतरत नसेल तर तो निरुपयोगी आहे, आणि उतरत असेल तर इन्सुलिनच्या जोडीला तो किती उतरवेल हे सांगता येत नाही म्हणून धोक्याचा आहे. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथी, सगळ्यांना हेच लागू. आणि हो, ठोंब्या गोडाच्या ओढीने पेढे चोरून खातो असा सासूबाईंना संशय असेल तर तो सोडायला सांगा. मांजराला गोड चव कळतच नाही.

थेंबांच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून बघा. मी पाहिलेल्या बाटल्यांवर ‘वाढवते’ असतं, काय वाढवते, किती, कशात मोजायचं, ते नसतं. गूळ-साखरेचा पाक किंवा अल्कोहोल घातलेलं असेल तर मधुमेही मांजराला ते तसंही चालत नाही. जास्त साखरेत पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत, म्हणून मधुमेही मांजरांना लघवीचा संसर्ग लवकर होतो. ठोंब्याची प्रतिकारशक्ती तुम्हाला खरंच सुधारायची असेल तर साखर खाली आणणं हाच रस्ता आहे, आणि त्यासाठी करण्यासारखं पुष्कळ आहे.

आज संध्याकाळी सगळ्यात आधी एक करा. इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून वाचा. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीत मिळतं, एका मिलीलिटरमध्ये 40 युनिट आणि 100 युनिट. सिरिंजही दोन : 40 साठी लाल टोपणाची, 100 साठी केशरी टोपणाची. मांजरांना बऱ्याचदा देतात ते ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन 100 चं असतं. ते लाल टोपणाच्या सिरिंजने भरलं तर 3 ची रेघ म्हणजे प्रत्यक्षात साडेसात युनिट. उलट, 40 चं इन्सुलिन केशरी टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर 3 च्या रेघेला जेमतेम सव्वा युनिट जातं. मेडिकलवाल्याने हाताला आली ती सिरिंज दिली आणि महिनाभर कुणाला पत्ता नाही, असं घडतं. जुळत नसेल तर स्वतः हिशेब करून डोस बदलू नका, डॉक्टरांना फोन करा.

दुसरं, तो 350 चा आकडा. तो नेहमी दवाखान्यातलाच आहे, हे तुम्हीच लिहिलंय. पिशवीत कोंबून, मानेवाडा रिंग रोडच्या हॉर्नमधून, समोर कुत्रं भुंकत असताना घेतलेलं मांजराचं रक्त. घाबरलेल्या मांजराची साखर निव्वळ भीतीने 300 च्या वर जाऊ शकते. त्या एका आकड्यावर डोस चढवत नेणं मला पटत नाही. फ्रुक्टोसामाइनची तपासणी करून घ्या, ती मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते. आणि घरीच मोजायला शिका. कानाच्या कडेला बारीक टोचून निघालेला थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीला लागला की झालं. पहिले काही दिवस दोघंही वैतागाल, नंतर ठोंब्या खाऊच्या आशेने स्वतः येऊन बसेल. माणसांचं मीटर मांजरात सहसा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं, म्हणून एकदा दवाखान्यातल्या आकड्याशी ताडून घ्या.

तिसरं, खाणं, आणि इथे घरात थोडी चर्चा लागेल. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. टॉरिनसारखी त्याला लागणारी द्रव्यं प्राणिज अन्नातच मिळतात. दूध-पोळी म्हणजे पिठूळ पदार्थ आणि दुधातली साखर, आणि कोरडे दाणे बनवायला पीठ घालावंच लागतं. मधुमेहाच्या सुरुवातीच्या काळात कमी पिष्टाचं, जास्त प्रथिनांचं ओलं खाणं आणि नीट बसवलेलं इन्सुलिन, या जोडीवर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतं. दोन महिने म्हणजे ठोंब्या अजून त्या काळात आहे. घरी मटण-चिकन शिजवायला कुणी सांगत नाहीये. मांजराच्या ओल्या खाण्याचे बंद पाऊच मिळतात, ते बाल्कनीत, त्याच्या वेगळ्या ताटलीत द्या, स्वयंपाकघराचा संबंध नको. शाकाहारी घरांतली मांजरं अशी सुखाने राहतात. पाऊचवर पिष्ट लिहिलेलं नसतं, ते काढायचं असं : प्रथिनं, स्निग्ध, तंतू, राख आणि ओलावा यांच्या टक्क्यांची बेरीज 100 मधून वजा करा, उरेल ते. ग्रेव्ही बहुधा पिठाने दाट केलेली असते, म्हणून आकडा बघून घ्या.

पण उद्या सकाळपासून पोळी बंद, असं करू नका. पिष्ट कमी झालं की साखर झपाट्याने उतरते आणि तोच डोस जड होतो. डॉक्टरांना सांगून, घरी मोजत, आठ-दहा दिवसांत बदला. ‘भूक लागली की खाईल आपोआप’ हा बाणा तर अजिबात नको. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साचून नवंच संकट उभं राहतं. वजन आठवड्याला 1 टक्क्याच्या आसपास, म्हणजे ठोंब्याचं साधारण 70 ग्रॅम, उतरलं तरी भरपूर झालं.

मग तोंड आणि लघवी. दात-हिरड्या सडलेल्या असतील किंवा लघवीत संसर्ग असेल, तर त्या सुजेमुळेही इन्सुलिनला दाद मिळत नाही. लघवीची तपासणी आणि कल्चर करून घ्या. एवढं सगळं नीट करूनही डोस चढतच राहिला, आणि साखर वाढलेली असताना वजन उतरायच्या ऐवजी वाढायला लागलं, तर वाढीच्या संप्रेरकाचा विकार शोधायला हवा. त्यासाठी आयजीएफ-1 ही रक्ताची तपासणी असते. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत मधुमेही मांजरांपैकी जवळपास चौथा हिस्सा मांजरांत हा विकार असावा असा अंदाज निघाला. दुसरं मत हवं असेल तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात फाइल घेऊन जा. त्या 40 हजारांतला लहानसा भाग या सगळ्याला पुरेल.

न विचारलेलं एक सांगते. घरात कुणी मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी घेत असेल आणि कुणी म्हणालं की मांजरांसाठीही आता अशीच गोळी आली आहे, तर ते अर्धं खरं आहे. अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिन मंजूर झालं. पण आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजराला ते द्यायचं नाही, असं त्याच्या लेबलवरच आहे, कारण साखर साधारण दिसत असतानाही रक्तात कीटोन चढू शकतात. घरातल्या कुणाच्याही गोळीचा तुकडा ठोंब्याला नको.

तुमच्या ह्यांच्याबद्दल. ‘मांजर आहे ते’ हे वाक्य मी दवाखान्यात फार ऐकते, आणि म्हणणारे पुष्कळदा तेच असतात जे रात्री बोक्याला पायाशी घेऊन झोपतात. मला वाटतं त्यांना ठोंब्याचा नाही, रोज नवा इलाज सुचवणाऱ्यांचा कंटाळा आलाय. स्टेम सेल, बीसीजी, रस, थेंब यांवर काट मारली आहे आणि उरलंय ते मोजता येण्यासारखं आहे, एवढं सांगून बघा. सकाळची सुई त्यांच्याकडे द्या.

राहिली अमरावती. दोन दिवस म्हणजे चार सुया, एवढ्या चुकवायच्या नाहीत. एखादी चुकलीच तर पुढची ठरल्या वेळी, ठरली तेवढीच. दुप्पट कधीच नाही. आणि सकाळी त्याने खाल्लंच नसेल तर सुई देण्याआधी डॉक्टरांना फोन. ठोंब्याला लग्नघरी नेऊ नका. मे मधल्या 45 अंशांत प्रवास, वर परकं घर, आणि पलंगाखाली शिरून न खाणारा बोका, यापेक्षा तो आपल्या घरीच बरा. शेजारच्या कुणाला तरी आतापासून तयार करा. बाटली फ्रिजच्या मधल्या कप्प्यात असते, 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही, हे दाखवून ठेवा. गोठलेलं किंवा उन्हात तापलेलं इन्सुलिन दिसायला तसंच दिसतं, पण कामाचं राहत नाही. लाइट बराच वेळ गेली तर फ्रिज उघडायचा नाही, हेही सांगा. सुई टोचायचा सराव मोसंबीवर करू द्या, सिरिंजमध्ये साधं पाणी भरून. मग तुमच्यासमोर ठोंब्यावर दोन-तीनदा. डॉक्टरांचा नंबर आणि ग्लुकोजची पुडी फ्रिजवरच चिकटवून जा.